६/६० म्हणजे वर्गात कुठं बसायचं? : एका अल्पदृष्टी मुलीचं प्रकरण

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. तिसरी-चौथीच्या खोलीत उजव्या हाताला दोन मोठ्या खिडक्या, समोर फळा, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात पोषण आहाराच्या तांदळाची पोती. त्या पोत्यांच्या आडोशाला एक मुलगी बसली होती. केस पांढरट-सोनेरी, भुवया पांढऱ्या, कातडी गुलाबी, वही नाकाला टेकेल इतकी जवळ. मी दारात उभी राहिले तेव्हा सगळ्या मुलांनी उठून नमस्ते केलं. तिनं मान वाकडी करून माझ्या आवाजाच्या दिशेनं पाहिलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं.

सर म्हणाले, "मॅडम, हिचं नाव तुमच्या यादीत घ्या. पोरगी गुणाची आहे, पण डोकं चालत नाही. फळ्यावरचं उतरवून घे म्हटलं की अर्धंमुर्धं लिहिते. पुढं बसवलं तर उठून मागं जाते."

मी समग्र शिक्षा या सरकारी शिक्षण योजनेत विशेष शिक्षक, म्हणजे दिव्यांग मुलांसाठीची शिक्षक, आहे. दोन केंद्रांतल्या, म्हणजे शाळांच्या दोन गटांतल्या, शाळा माझ्याकडं आहेत. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातला हा तालुका. दिवाळी झाली की निम्मी गावं कोयता घेऊन साखर कारखान्यांकडं निघतात. मुलीचं, गावाचं, दवाखान्यांचं नाव इथं लिहीत नाही. प्रकरण मात्र सविस्तर लिहिते आहे, कारण यात कामचुकार असं कुणीच नव्हतं. आरोग्याच्या माणसांनी मुलगी तपासली होती, निदान बरोबर केलं होतं, कागद लिहून दिला होता. शाळेनं तिला वर्गात घेतलं होतं, जेवू घातलं होतं, तिच्या वह्या तपासल्या होत्या. तरी तीन वर्षं तिला फळा दिसला नाही, कारण दवाखान्यापासून शाळेपर्यंतचा रस्ता कुणाच्याच कामात लिहिलेला नव्हता.

वही

त्या दिवशी मी तिची वही मागून घेतली. त्यात दोन तऱ्हेची पानं होती. अनुलेखनाच्या पानांवर, म्हणजे फळ्यावरून उतरवलेल्या मजकुरात, एकही अनुस्वार नव्हता. 'पख', 'रग', 'गगा', 'आबा'. 'घर'चं 'धर' झालेलं, 'भात'चं 'मात'. प्रत्येक चुकीभोवती सरांनी लाल गोल केलेला. मग श्रुतलेखनाची पानं आली. तिथं पंख होते, रंग होते, गंगा होती, आंबा होता. टिंब जागच्या जागी.

मी दोन्ही पानं सरांसमोर शेजारी शेजारी धरली. ते बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे हिला टिंब दिसतच नाही."

आपल्या लिपीत हे लवकर कळतं. अनुस्वार, रफार, मात्रा शिरोरेषेच्या वर, उकार अक्षराच्या पायाशी, सगळं बारीक. नजर कमी असली की आधी हेच नाहीसं होतं, मग घ-ध आणि भ-म यांच्यातला फरक जातो. ऐकून बरोबर लिहिणारं मूल बघून लिहिताना चुकत असेल तर त्याच्या बुद्धीविषयी एक शब्दही बोलण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. पहिली ते चौथी शिकवणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. तपासणीची पहिली पायरी वहीतच असते, त्याला कुठलं यंत्र लागत नाही.

आता ती पुढून उठून मागं का जाई? पुढच्या ओळीवर खिडक्यांचं ऊन पडायचं. तिला होता तो अल्बिनिझम, म्हणजे जन्मतः रंगद्रव्याची कमतरता. हे रंगद्रव्य कातडीला आणि केसांना रंग देतं, तसंच बुबुळातून आत जाणारा उजेडही अडवतं. ते नसलं की आपल्याला जो साधा दिवसाचा उजेड वाटतो तो अशा मुलाच्या डोळ्यांत टॉर्च मारल्यासारखा घुसतो. पुढं बसावं तर उजेड सोसत नाही, मागं बसावं तर फळा दिसत नाही. आठ वर्षांच्या मुलीनं या दोन्हीतला फळा सोडला होता आणि सगळ्यांनी त्याला मठ्ठपणा म्हटलं होतं.

कॅरीबॅग

संध्याकाळी घरी गेले. आईनं पत्र्याच्या पेटीतून एक कॅरीबॅग काढली. तिच्यात सगळे कागद होते, एकही हरवलेला नव्हता. घडीवर घडी पडून काहींचे कोपरे झिजले होते.

पहिला कागद अंगणवाडीतला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाचा. हा कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरला सुरू झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हे त्याचं काम. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातं. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका. या पथकानं मुलीला चौथ्या वर्षीच अचूक हेरून 'दृष्टिदोष, पुढील तपासणीसाठी संदर्भित' असं लिहिलं होतं. दुसरा कागद ग्रामीण रुग्णालयातला. त्यांनी जिल्ह्याला पाठवलं होतं. तिसरा जिल्ह्याच्या नेत्रविभागातला, इंग्रजी हस्ताक्षरात. मराठीत त्याचा अर्थ एवढाच: दोन्ही डोळे ६/६०, डोळ्यांची सतत हालचाल, अल्बिनिझम, चष्म्यानं फारशी सुधारणा नाही, उपचार उपलब्ध नाही.

"डॉक्टर म्हनले इलाज न्हाई," आई म्हणाली. "मग पुन्हा जाऊन काय करावं, बाई? दोन मानसांचा रोज बुडतो."

डॉक्टर खोटं बोलले नव्हते. अल्बिनिझमला औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. डोळ्याच्या पडद्यावरचा बारीक बघायचा मध्यभागच पुरता घडलेला नसतो, तिथं चष्मा तरी काय करणार? पण 'इलाज नाही' या दोन शब्दांचा घरापर्यंत पोहोचलेला अर्थ 'काहीच करता येणार नाही' असा झाला. दवाखान्याचं काम जिथं संपतं तिथून शाळेचं सुरू होतं, हे त्या कागदावर कुठं लिहिलेलं नव्हतं. तो कागद शाळेत गेलाही नव्हता. शाळेत कशाला न्यायचा, दवाखान्याचा आहे ना?

वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं, अंध शाळेत घाला. ते चिडून मला म्हणाले, "मॅडम, ती शेळ्या वळखती, मोड मोजून देती, रानातून एकटी येती. आंधळी कशी म्हनायची तिला?" त्यांचं बरोबर होतं. ती अंध नव्हतीच, अल्पदृष्टी होती. ब्रेल शिकवायची तिला गरज नव्हती. उरलेली नजर वापरायला शिकवायची गरज होती.

आईच्या मनातली गोष्ट शेवटी निघाली, वडील बाहेर गेल्यावर. "सासू म्हनती गिराणात भाजी चिरली म्हनून पोरगी अशी झाली. गाव म्हनतं कोड हाय." मी सांगितलं, कोड नाही. कोड नंतर उठतं. हे जन्मापासूनचं आहे, आणि शिवण्यानं, जेवण्यानं कुणाला होत नाही. ग्रहणाचाही संबंध नाही. आई आणि वडील दोघांकडून एकेक दोष गुपचूप आला तरच मूल असं होतं. एकट्या आईकडून होतच नाही. ती काही बोलली नाही. पदरानं कॅरीबॅगवरची धूळ पुसत राहिली. नंतर हीच गोष्ट मी डॉक्टरांकडून सासूबाईंसमोर पुन्हा सांगून घेतली. माझ्या बोलण्यापेक्षा पांढऱ्या कोटातल्या माणसाचं बोलणं त्यांना पटतं आणि अशा वेळी पटण्याला महत्त्व आहे.

घरी परतताना गाडीवर माझ्या मनात एकच येत होतं. एका मुलीला चार जागी चार नावं होती. पथकाच्या कागदात दृष्टिदोष, जिल्ह्याच्या कागदात अल्बिनिझम, शाळेत डोकं न चालणारी, गावात कोड झालेली. ही चार नावं एकमेकांना कधी भेटलीच नव्हती.

फुटपट्टी

पथकातल्या डॉक्टर मॅडमचा नंबर माझ्याकडं नव्हता, हे लिहिताना मला वाईट वाटतं. त्याच तालुक्यात, त्याच शाळांत आम्ही दोघी वर्षानुवर्षं जात होतो, पण वेगवेगळ्या दिवशी. नंबर अंगणवाडी सेविकेनं दिला. मॅडमनी पहिल्याच फोनला सांगितलं की ही मुलगी त्यांच्या आठवणीत आहे. शाळेत दाखल झाल्यापासून दोन्ही वेळा पथक आलं तेव्हा ती गैरहजर होती. तारखा काढून पाहिल्या. दोन्ही भेटी थंडीतल्या. मुलगी तेव्हा आईवडिलांबरोबर कारखान्यावर. वर्षातून एकदा होणारी तपासणी वर्षातले सहा महिने गावात नसलेल्या मुलीला दोनदा चुकली होती.

मॅडमनी तिला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडं, म्हणजे पथकानं हेरलेली मुलं पुढच्या तपासणीला जिथं जातात तिथं, पाठवलं आणि यावेळी मी बरोबर गेले. तिथल्या दृष्टितज्ज्ञांनी तासभर दिला. एक डोळा झाकून तपासलं तेव्हा आकडा तोच, ६/६०. मग त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून, मान हवी तशी वळवू देऊन पुन्हा वाचायला लावलं. तिनं मान डावीकडं कलती केली आणि त्याखालच्या ओळीतली अक्षरंही सांगितली. ते म्हणाले, "हिचे डोळे सारखे हलतात, पण या एका कोनात ते जरा स्थिर होतात. ती स्थिर जागा तिनं स्वतःच शोधलीय." मला शाळेतलं दरडावणं आठवलं: मान सरळ ठेव, मान सरळ ठेव. आम्ही तिची सगळ्यात चांगली नजर रोज काढून घेत होतो.

मग मी विचारलं, "सर, ६/६० म्हणजे वर्गात तिनं फळ्यापासून किती लांब बसायचं?"

ते थांबले. म्हणाले, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आणि केसपेपरच्या मागं पेन्सिलनं हिशोब मांडला. तो इथं पूर्ण देते, कारण माझ्या सगळ्या कामातला सर्वात उपयोगी हिशोब हाच आहे.

६/६० म्हणजे धडधाकट नजरेला जे ६० मीटरवरून दिसतं ते या मुलाला ६ मीटरवर यावं तेव्हा दिसतं. नजर तपासायच्या तक्त्यावरचं सगळ्यात वरचं अक्षर जवळपास पावणेनऊ सेंटीमीटर उंच असतं. म्हणजे ६ मीटरवर बसलेल्या या मुलीला पावणेनऊ सेंटीमीटरचं अक्षर कसंबसं ओळखू येईल. अंतर निम्मं केलं, ३ मीटर, तर साडेचारच्या आत. दीड मीटरवर सव्वादोन. पण हे 'कसंबसं' झालं. वर्गात दिवसभर वाचायचं तर अक्षर त्याच्या दुप्पट हवं. म्हणजे दीड मीटरवर, पाचेक फुटांवर बसवलं, तर फळ्यावरचं अक्षर साडेचार ते पाच सेंटीमीटर. आपल्या जोडाक्षरांना आणि टिंबांना त्याहून थोडं जास्तच.

दुसऱ्या दिवशी सरांनी कंपासमधली पट्टी घेऊन फळ्यावरचं स्वतःचं अक्षर मोजलं. साडेतीन सेंटीमीटर. पोत्यांच्या कोपऱ्यापासून फळ्यापर्यंत पावलं टाकली. सहा मीटर भरले. तिथून तिला अक्षरांचे नुसते ठसे दिसत असणार, बस. सर पट्टी हातात धरून उभेच राहिले. मग त्यांनी ऑइल पेंट मागवला आणि फळ्याच्या डाव्या अंगाला पाच-पाच सेंटीमीटरवर बारीक पांढऱ्या रेघा मारून घेतल्या. त्या रेघांच्या आत लिहायचं, म्हणजे अक्षर आपोआप मोठं. गेल्या महिन्यात मी गेले तेव्हा रेघा फिक्या झाल्या होत्या आणि सर त्यावर पुन्हा ब्रश फिरवत होते.

त्या हिशोबाचंच आम्ही एक पान केलं. दृष्टितज्ज्ञांनी सांगितलं, मी साध्या मराठीत लिहिलं, त्यांनी सही-शिक्का दिला, पथकातल्या मॅडमनीही सही केली. पानावर निदान एकाच ओळीत; बाकी सगळं वर्गातलं. फळ्यापासून पाच फूट, खिडकी पाठीशी. मान वाकडी करून बघते, बघू द्या. पुस्तक नाकाजवळ धरते, धरू द्या. त्यानं डोळे खराब होत नाहीत. ४० सेंटीमीटरऐवजी १० सेंटीमीटरवर धरलं की अक्षर चौपट मोठं दिसतं, तिचं भिंग तिच्या अंतरातच आहे. फळ्यावर लिहिताना मोठ्यानं वाचत लिहा. उजेडात टोपी, वर्गातही चालेल. उन्हाच्या कवायतीला सावलीत उभी करा. दर अर्ध्या तासानं डोळ्यांना विसावा.

चष्मा मिळाला, फिकट तपकिरी काचांचा. डॉक्टरांनी आईवडिलांना आधीच बजावलं की यानं फळा दिसणार नाही, उजेड सोसेल आणि ताण कमी होईल. हे आधी सांगणं फार गरजेचं असतं. नाहीतर आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून चष्मा पेटीत जातो. वाचायला घुमटाच्या आकाराचं भिंग मिळालं, ओळीवर ठेवून सरकवायचं. पुस्तक उभं धरायला गावातल्या सुतारानं प्लायच्या तुकड्यांचा उतरता स्टँड करून दिला. वाकून वाकून तिची मान दुखायची ती थांबली. आणि एक काळा पुठ्ठा, मधोमध एका ओळीएवढी खाच कापलेली. तो पानावर ठेवला की पांढऱ्या कागदाचा चकाकणारा उजेड झाकला जातो आणि खाचेतून एकच ओळ दिसते. जुन्या वहीच्या कव्हरचा तो पुठ्ठा तिला सगळ्या साहित्यात जास्त आवडला. शेजारची मैत्रीणही तो मागून घेऊ लागली.

दुर्बीण

इथं माझी चूक लिहायला हवी. फळा लांबून दिसावा म्हणून एका डोळ्याला लावायची छोटी दुर्बीण असते. केंद्रातून ती मिळाली आणि मला फार आनंद झाला. मी हट्टानं तिला वर्गात वापरायला लावली. डोळे सतत हलणाऱ्या मुलीला त्या एवढ्याशा वर्तुळात अक्षर पकडणं किती कठीण जातं, याचा विचार मी केला नाही. सरावाला वेळ लागतो, तो घरी, अंगणात, मजेत द्यायचा असतो. मी तो भर वर्गात, चौथीच्या मुलांसमोर मागितला. पोरं तिला 'शिकारी' म्हणू लागली. ती तीन दिवस शाळेत आली नाही.

चौथ्या दिवशी मी घरी गेले तेव्हा ती शेळीच्या पाठीवर हात फिरवत बसली होती. म्हणाली, "मला ते नळकांडं नको. मी जवळ जाऊन बघीन." मी म्हटलं, जा. सरांना सांगितलं, तिला वाटेल तेव्हा उठून फळ्यापाशी जायची मुभा द्या. सुरुवातीला वर्गात चुळबुळ झाली, मग कुणाचं लक्षही जाईना. केंद्रातल्या दृष्टितज्ज्ञांना हे कळवलं तेव्हा त्यांनी मला रागावलं नाही, पण सरळ सांगितलं की साधन कागदावर मिळालं म्हणजे ते मुलाला मिळालं असं होत नाही. दुर्बीण त्यांनी परत घेतली नाही. घरी ठेवा म्हणाले. पुढं एकदा ती झाडावरचं पोपटाचं घरटं बघायला वापरू लागली. फळ्यासाठी अजूनही वापरत नाही.

फडाचे सहा महिने

दिवाळी जवळ आली. वडिलांनी मुकादमाची उचल घेतलेली होती. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, दोघांनाही जावं लागणार. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह असतं, मुलं शाळेजवळ राहतात, जेवतात. मी तिला तिथं ठेवायचं ठरवून बसले होते. त्या वर्षी वसतिगृह सुरू व्हायला उशीर झाला आणि कोयते त्याआधीच निघाले. आई म्हणाली, आजीला सोताला दिसंना, हिला कुनाच्या भरवशावर सोडू?

आधीच्या दोन हंगामांत काय झालं होतं ते तेव्हा कळलं. फडात दिवसभर ऊन. पहिल्या आठवड्यातच हातांना आणि मानेला फोड आले, म्हणून पुढं तिला दिवसभर कोपीत ठेवत. पाचटाच्या त्या खोपटात सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. शाळा नाही, खेळ नाही. अशा कातडीला उन्हाचं नुसतं भाजणं होत नाही, वर्षानुवर्षांच्या उन्हानं पुढं कर्करोगाचा धोका वाढतो. पथकातल्या मॅडमनी हे आईवडिलांना बसवून सांगितलं. लांब बाह्यांचे सदरे, रुंद काठाची टोपी, उघड्या अंगाला लावायचं मलम, आणि सकाळी दहा ते दुपारी चार ऊन टाळणं.

स्थलांतर करणाऱ्या मुलांना शाळा शिक्षण हमी पत्रक देते. त्यावर मूल कितवीत आहे, किती शिकलं आहे ते लिहिलेलं असतं, म्हणजे नव्या गावातल्या शाळेला घेता येतं. सरांनी तिचं पत्रक भरलं आणि त्याच्या मागं आमचं ते एक पान स्टेपल केलं. नंतर त्यांनाच सुचलं, दोन्ही मिळून लॅमिनेट करून आणलं. मी फोटो काढून वडिलांच्या फोनमध्ये टाकला.

डिसेंबरात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. कारखान्याजवळच्या शाळेतले गुरुजी. "मॅडम, एक मुलगी आलीय. कागदावर लिहिलंय खिडकी पाठीशी. आमच्या वर्गात खिडकी फळ्याच्याच बाजूला आहे. काय करू?"

मी आयुष्यात असे फोन थोडेच ऐकलेत. मी म्हटलं, खिडकीवर काहीतरी टांगता येईल का? त्यांनी मुलीच्या आईकडून एक जुनं लुगडं मागून घेतलं आणि खिडकीला लावलं. त्या हंगामात ती ६१ दिवस शाळेत गेली. गुरुजींनी पत्रकावर हजेरी लिहून सही करून पाठवली. एप्रिलमध्ये गावी आली तेव्हा, पहिल्यांदाच, मागचं पुस्तक पुन्हा उघडावं लागलं नाही.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात अंधत्व वेगळं, अल्पदृष्टी वेगळी. तिला ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र मिळालं. ४० हीच सवलतींची किमान रेषा. त्यासाठी दोन खेपा झाल्या, दोन दिवसांचा रोज बुडाला. मुलींना दरमहा २०० रुपये, वर्षातले दहा महिने असा प्रोत्साहन भत्ता मिळतो, तो खात्यावर यायला लागला. मोठ्या टायपातली पुस्तकं आली. पण खरं सांगायचं तर प्रमाणपत्रानं तिचा वर्ग बदलला नाही. तो त्या एका पानानं आणि फळ्यावरच्या पांढऱ्या रेघांनी बदलला होता.

धाकटा

ती आता पाचवीत आहे, शेजारच्या गावच्या शाळेत. तिथं विषयवार शिक्षक आहेत, म्हणून पानाच्या चार प्रती काढल्या. दर नव्या सरांना ते तिलाच द्यायला लावते. गणितात ती वर्गात पुढं आहे, भूमितीत मागं. कोनमापकाच्या बारीक रेघा अजून सुटलेल्या नाहीत. मी मोठा पुठ्ठ्याचा कोनमापक करून दिलाय, पण परीक्षेत तो चालेल का यावर अजून शाळेत चर्चा चालू आहे. नजरेचा आकडा तोच आहे, ६/६०. तो बदलणार नव्हताच.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी आशाताईंचा, म्हणजे गावच्या आशा आरोग्य कार्यकर्तीचा, फोन आला. "मॅडम, त्यांच्या घरी मुलगा झालाय. केस पांढरे आहेत." बाळ अकरा दिवसांचं होतं. आशाताई बाळंतिणीच्या घरच्या भेटीला गेल्या होत्या आणि घरातून निघायच्या आत त्यांनी मला फोन लावला होता. पथकातल्या मॅडमना त्यांनी त्याआधीच लावला होता.

दोघांतही दोष गुपचूप असला तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता राहते, हे आईला माहीत होतं. ती रडली नाही. मला म्हणाली, "आता काय करायचं ते ठाऊक हाय ना आपल्याला." बाळाला उजेडापासून कसं जपायचं, पाळण्यावर काळी-पांढरी खेळणी कुठल्या बाजूला टांगायची, हे मोठ्या बहिणीनंच सांगितलं. बहिणीला कुणी सांगितलं विचाराल, तर शीघ्र हस्तक्षेप केंद्रात स्वतःच्या तपासणीला गेली तेव्हा तिनं भिंतीवरचा तक्ता वाचला होता, पुठ्ठ्याच्या खाचेतून.

बाळ दोन महिन्यांचं झाल्यावर आम्ही सगळे त्याला घेऊन केंद्रात गेलो: आई, आजी, आशाताई, मी. डॉक्टरांनी तपासलं, लिहिलं, आणि पुढची तारीख दिली, डिसेंबरातली. मी तोंड उघडायच्या आत आशाताई बोलल्या, "साहेब, डिसेंबरात ही माणसं फडात असत्यात. दसऱ्याच्या आधीची द्या."

डॉक्टरांनी डिसेंबर खोडला आणि ऑक्टोबर लिहिलं.